फिल्म धुणाऱ्यांची भाषा आणि चित्रपट-समीक्षेचे मौन

कवितेचा विचार करताना समीक्षक तिच्या छंदाकडे आणि नादाकडे लक्ष देतो. लेण्यांतील शिल्पाविषयी लिहिताना दगडाची जात सांगितल्यावाचून त्याला पुढे जाता येत नाही. चित्रपटाविषयी लिहिताना मात्र मराठी समीक्षकाने कथा, संवाद, अभिनय, संगीत आणि दिग्दर्शन यांपलीकडे क्वचितच पाहिले आहे. ज्या द्रव्यात चित्रपट घडत असे ते द्रव्य, म्हणजे पारदर्शक पट्टी, तिच्यावरील चांदीच्या क्षारांचा लेप आणि चित्रीकरणानंतर रसायनशाळेत तिच्यावर होणारे संस्कार, हा समीक्षेचा विषय आहे असे फारसे कोणास वाटले नाही. जोवर पट्टी होती तोवर ही उणीव खपून गेली. इ. स. २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत भारतीय चित्रपटगृहांतून आणि बहुतांश चित्रीकरणातून ती पट्टीच नाहीशी झाली. तरी या घटनेचा विचार मराठी समीक्षेत अभावानेच आढळतो. पडद्यावर काय बदलले हे सांगण्यास जे शब्द लागतात ते समीक्षेजवळ नव्हते. ते रसायनशाळेतील कामगारांजवळ, गावोगावच्या फोटो-स्टुडिओवाल्यांजवळ आणि काही अंशी सामान्य गिऱ्हाइकाजवळ होते. ते शब्द तपासून पाहिले तर समीक्षेने काय गमावले याचा अदमास येतो.

या तपासणीस रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके आधारासाठी घेणे सोयीचे आहे. बोरघाटाच्या पायथ्याचा हा प्रदेश मुंबईच्या चित्रपटव्यवसायाचे परसदार ठरला आहे. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये चौक गावाजवळ एन. डी. स्टुडिओ उभा केला. हे ठिकाण खालापूर तालुक्यात मोडते. पण चित्रपटसृष्टीच्या बोलण्यात तो ‘कर्जतचा स्टुडिओ’ आहे, कारण मुंबईकराच्या कानाला रेल्वे-स्थानकाचे नाव परिचित असते, तालुक्याचे नसते. त्याच तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’ हे मनोरंजन-उद्यान सुरू झाले. पहिल्या संस्थेचा व्यवसाय देखाव्यांचा. दुसरीच्या नावातील पूर्वपद मात्र थेट रसायनशाळेतून आलेले आहे. मनमोहन शेट्टी यांनी १९७८ मध्ये मुंबईत जी लॅबोरेटरी काढली ती आरंभी जाहिरातपटांच्या फिल्मवर प्रक्रिया करीत असे. जाहिरातीचा ‘अ‍ॅड’ आणि लॅबोरेटरीचा ‘लॅब’ यांच्या जोडणीने हे नाव सिद्ध झाले. पुढे तिचा मोठा विस्तार झाला. २००५ मध्ये कंपनीचा ताबा अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाकडे गेला आणि २००९ मध्ये तिचे नाव रिलायन्स मीडियावर्क्स असे झाले. नंतर शेट्टी यांच्या नव्या उद्योगाने तेच जुने नाव खालापुरात उद्यानाच्या फाटकावर लावले. तेथे फिल्म धुतली जात नव्हती, लॅबही नव्हती. शब्द आपल्या अर्थाच्या मरणानंतर कसा जगतो याचे इतके मोठ्या अक्षरांतील उदाहरण शब्दार्थशास्त्राच्या अभ्यासकास सहसा मिळत नाही.

मराठीत फिल्म ‘धुतात’. ‘रोल धुवायला टाकला’, ‘फोटो धुऊन आले’ ही वाक्ये एका पिढीपूर्वी कर्जत, नेरळ, खोपोली अशा कोणत्याही गावच्या बाजारपेठेत सहज कानी पडत. ग्रांथिक परिभाषेने या क्रियेस ‘विकसन’ हा शब्द दिला. तो इंग्रजी ‘डेव्हलप’चा अनुवाद आहे, आणि त्या इंग्रजी शब्दात गुंडाळलेली वस्तू उलगडण्याची कल्पना आहे. सुप्त असलेली प्रतिमा उलगडते, प्रकट होते, असा तो दृष्टिकोन. त्यापुढे ‘धुणे’ हा शब्द अडाणी वाटतो, आणि परिभाषाकारांनी तो टाळला यात नवल नाही. पण प्रत्यक्ष प्रक्रिया पाहिली तर हा निवाडा बदलावा लागतो. डेव्हलपर या द्रावणात प्रकाश लागलेल्या क्षारांतील चांदी मोकळी होऊन काळी पडते. हायपोच्या द्रावणात प्रकाश न लागलेले क्षार विरघळून निघून जातात. आणि अखेरीस पाण्याच्या प्रवाहात रसायनांचा शेष काढून टाकतात. हायपोचे काम झाले नाही तर उजेडात आणताच सारी पट्टी काळवंडेल. तेव्हा चित्र म्हणजे धुऊन उरलेला भाग, ही लोकभाषेची कल्पना प्रक्रियेच्या उत्तरार्धास काटेकोरपणे लागू पडते. ‘विकसन’ शब्दाने पूर्वार्ध पकडला, ‘धुणे’ने उत्तरार्ध. दोहोंपैकी एकाला शास्त्रीय आणि दुसऱ्याला गावंढळ म्हणण्यास आधार नाही. हा प्रयोग हिंदीतही आहे. त्यामुळे त्यात मराठी मनाचे काही वैशिष्ट्य शोधण्याचा मोह आवरला पाहिजे. एवढे मात्र म्हणता येईल की ‘चित्रपट’ या शब्दातील ‘पट’ म्हणजे वस्त्र. आणि जो पट आहे तो धुतला जावा यात भाषेला काही वावगे वाटले नाही.

‘हायपो’ची कथा याहून विलक्षण आहे. चांदीचे क्षार विरघळविण्याचा या द्रव्याचा गुण सर जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदविला होता आणि १८३९ मध्ये छायाचित्र स्थिर करण्यासाठी त्याचा उपयोग सुचविला. त्यांनी त्यास सोडियमचे हायपोसल्फाइट म्हटले. रसायनशास्त्राने पुढे ते नाव टाकून थायोसल्फेट हे स्वीकारले. परंतु जगभरच्या अंधाऱ्या खोल्यांनी जुन्याच नावाचे तोकडे रूप वापरीत राहणे पसंत केले, आणि कोकणातील छायाचित्रकारही शेवटपर्यंत हायपोच म्हणत राहिला. ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ ही छायाचित्रणातील जोडीही हर्शेल यांनीच १८४० मध्ये रूढ केली. मराठीत ‘निगेटिव्ह’ स्त्रीलिंगी झाली. हाताळता येणाऱ्या, जपून ठेवावयाच्या, पाकिटातून बाहेर काढून उजेडाकडे धरावयाच्या वस्तूला लिंग मिळते. आज तो शब्द ऐकू येतो तो ‘निगेटिव्ह विचार’ अशा प्रयोगात. तेथे तो विशेषण आहे आणि त्याला लिंग उरलेले नाही. २०२० च्या साथीत ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने जो अर्थ धारण केला तो तर सर्वांस ठाऊक आहे.

कामाच्या तपशिलात आणखी थोडे शिरणे अवश्य आहे. कृष्णधवल फिल्मसाठी द्रावणाचे तापमान सामान्यतः २० अंश सेल्सियसच्या आसपास धरतात. रंगीत निगेटिव्हच्या रूढ प्रक्रियेत ते ३७.८ अंश असते आणि त्यात अंशाच्या अपूर्णांकाइतकाही फरक चालत नाही. घाटपायथ्याच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी २० अंशांवर कधीच नसते. म्हणजे कृष्णधवल काळात भांड्याभोवती बर्फ ठेवणे आणि रंगीत काळात यंत्राचे तापमान राखणे, अशी दोन भिन्न कौशल्ये एकाच धंद्यात एकामागून एक आली. द्रावण गरम झाले तर कण ठसठशीत होतात, काळा रंग अधिक दाट होतो. वेळ कमी पडला तर चित्र फिके राहते. हे सारे गुण अखेर पडद्यावर दिसतात. ‘दाट’, ‘फिकी’, ‘करकरीत’ ही कारागिराच्या तोंडची विशेषणे वस्तुतः समीक्षेची विशेषणे आहेत. त्यांना छापील समीक्षेत प्रवेश मिळाला नाही, इतकेच.

असा प्रवेश मिळण्यास मराठीत परंपरा नव्हती असे मात्र नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले. त्यांच्या घरातच रसायनशाळा होती, आणि अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासूनची कामे सरस्वतीबाई करीत. १९१७ च्या सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपट काढला. त्याचा काही भाग उपलब्ध असून त्यात ते फिल्मची पट्टी हाती घेऊन काम करताना दिसतात. याच काळात ‘नवयुग’ मासिकातून ‘भारतीय चित्रपट’ ही त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. म्हणजे भारतीय चित्रपटाविषयीचे मराठीतील पहिले महत्त्वाचे लेखन ज्याच्या हाताला रसायनांचा वास होता अशा माणसाचे आहे. प्रभात कंपनीच्या ‘सैरंध्री’ची (१९३३) गोष्टही बोधक आहे. तो रंगीत करण्याचे ठरले, रंगीत प्रती जर्मनीत काढण्यात आल्या आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. कंपनीचे नट, नेपथ्य, दिग्दर्शन सारे येथले. अपयश आले ते रसायनशाळेत. या चित्रपटाचा उल्लेख इतिहासात ‘रंगीत चित्रपटाचा पहिला प्रयत्न’ म्हणून येतो, पण रंग फसले म्हणजे पडद्यावर काय झाले याचे वर्णन करण्याच्या भानगडीत इतिहासकार सहसा पडत नाही.

नंतरच्या काळात समीक्षा आणि रसायनशाळा यांची फारकत पूर्ण झाली. याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘अर्धसत्य’ (१९८३). श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता. तीन मराठी साहित्यिकांचा हात लागल्यामुळे या हिंदी चित्रपटाचा विचार मराठी वाङ्मयविभागांत अगत्याने होतो, आणि तो बहुधा कथेचे रूपांतर, कवितेचे स्थान आणि नायकाचे मन या मुद्द्यांभोवती फिरतो. दिग्दर्शक गोविंद निहलानी हे मुळात व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली तयार झालेले छायालेखक आणि या चित्रपटाचे छायालेखनही त्यांचेच, हे क्वचित सांगितले जाते. निर्मात्यांपैकी एक होते मनमोहन शेट्टी, अ‍ॅडलॅब्जचे संस्थापक. हे तर कोणी सांगतच नाही. लॅबचा मालक निर्माता झाला म्हणून चित्रपट चांगला झाला, असा बादरायण संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ज्या चित्रपटात पोलीस-ठाण्यातील काळोख, रात्रीचे रस्ते आणि अर्धवट उजेडातील चेहरा हेच अर्थाचे वाहक आहेत, त्याच्या काळ्या रंगाविषयी चार वाक्ये लिहिण्याची गरज समीक्षेला भासू नये, हे आश्चर्य आहे. पानवलकरांच्या गद्याचा करडेपणा वर्णिणारा अभ्यासक निहलानींच्या निगेटिव्हच्या दाटपणापाशी मुका होतो. शीर्षकांच्या पट्टीत ‘फिल्म सेंटर’, ‘फेमस सिने लॅबोरेटरी’, ‘अ‍ॅडलॅब्ज’ अशी नावे वर्षानुवर्षे येत राहिली; प्रेक्षकाने आणि समीक्षकाने ती सारखीच दुर्लक्षिली.

चौकच्या स्टुडिओचा आरंभ फिल्मच्या अखेरच्या दशकात झाला, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. ‘जोधा अकबर’ (२००८) या चित्रपटासाठी आग्र्याच्या किल्ल्याचा भव्य देखावा तेथे उभारण्यात आला. छायालेखक होते किरण देवहंस, आणि चित्रीकरण फिल्मवर झाले. पडद्यावर हा चित्रपट सुमारे २१३ मिनिटे चालतो. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या गतीने जाते. तेव्हा त्याच्या एका प्रतीची लांबी १९,००० फुटांहून अधिक, म्हणजे सुमारे ५.८ किलोमीटर भरते. अशी प्रत्येक प्रत रसायनांतून आणि पाण्यातून काढावी लागे. चित्रीकरणाच्या दिवसांत स्थिती अशी की देखावा येथे, दिवे येथे, नट येथे, आणि चित्र मात्र बंद डब्यात. ते पाहण्यासाठी डबा लॅबमध्ये जाऊन ‘रशेस’ येण्याची वाट पाहावी लागे. तोवर छायालेखकाला भरवसा ठेवावा लागे तो प्रकाशमापकावर, अनुभवावर आणि लॅबमधील ‘ग्रेडर’वर. हा ग्रेडर निगेटिव्ह वाचीत असे, आणि प्रत्येक दृश्यासाठी तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण आकड्यांनी ठरवीत असे. त्यातून ‘आन्सर प्रिंट’ निघे. चित्र आणि ध्वनी एका पट्टीवर आले की ती ‘मॅरीड प्रिंट’. या शेवटल्या शब्दावर मराठी कामगारांनी विनोद केले नसतील असे मानणे कठीण आहे, पण कोशकाराने त्याची दखल घेतलेली दिसत नाही.

या व्यवस्थेचा अंत झपाट्याने झाला. आरी, पॅनाव्हिजन व आतों या तीन प्रमुख कंपन्यांनी २०११ पर्यंत फिल्मच्या नव्या कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबविले. २०१२ च्या जानेवारीत कोडॅक कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. २०१३ मध्ये फुजीने चित्रीकरणाच्या फिल्मचे उत्पादन बंद केले. भारत सरकारने १९६० मध्ये उटी येथे स्थापिलेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना, ज्याच्या ‘इंदू’ छापाची कृष्णधवल फिल्म पुष्कळांच्या स्मरणात असेल, तोही बंद पडला. २०१३ हेच ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’च्या उद्घाटनाचे वर्ष.

या उद्यानाकडे समीक्षकाने तुच्छतेने पाहू नये. ते एक संहिता म्हणून वाचण्याजोगे आहे. तेथील एका खेळाचा विषय ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा चित्रपट आहे. हलत्या आसनांवर बसलेल्या प्रेक्षकाला प्रचंड पडद्यासमोर उडाल्याचा भास होतो. मूळ चित्रपटातील अदृश्य नायकाचे युक्तीचित्रण पीटर परेरा यांनी केले ते फिल्मवर, संगणकाच्या साहाय्यावाचून. त्या कथेत अदृश्य माणूस तांबड्या प्रकाशात दिसू लागतो. कृष्णधवल प्रत काढणाऱ्या अंधाऱ्या खोलीतही तांबडाच दिवा असतो, कारण त्या कागदावर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नाही. अदृश्य प्रतिमा प्रकट होताना माणसाने पाहिली ती त्याच प्रकाशात. पटकथाकारांच्या मनात ही जाणीव होती असे सुचवावयाचे नाही. पण योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. आणि खालापूरच्या त्या खेळात आसन हलते, वारा लागतो, परंतु तांबड्या प्रकाशामागील ही आठवण कोणाला होण्याचा संभव नाही. उद्यानाच्या नावातून पुढे ‘अ‍ॅडलॅब्ज’ हे पद गळले. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे त्याची मालकी गेली. ‘इमॅजिका’ तेवढे उरले, आणि त्याला प्रतिमा, कल्पना व जादू या तिहींचा वास असला तरी कोणत्याच द्रव्याचा नाही. देसाई यांचे २०२३ च्या ऑगस्टमध्ये निधन झाले. त्यांच्या देखाव्यांविषयी मृत्यूनंतर पुष्कळ लिहिले गेले, कारण देखावा डोळ्यांना दिसतो. लॅबमधील ग्रेडरविषयी लिहिण्याची वेळ कधीच येत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. फिल्मचे गुणगान हे निव्वळ स्मरणरंजन आहे. डिजिटल तंत्राने कच्च्या फिल्मचा आणि प्रक्रियेचा खर्च वाचला, आणि ज्यांना पूर्वी चित्रपट काढणे परवडले नसते अशांच्या हाती कॅमेरा आला, असे म्हटले जाते. हे खरेच आहे. गेल्या दीड दशकातील मराठी चित्रपटाचे वैविध्य या बदलावाचून कल्पिता येत नाही. शिवाय फिल्मही चिरंतन नव्हती: नायट्रेटची पट्टी पेट घेते, आणि २००३ मध्ये पुण्यातील आगीत जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. फिल्म धुण्याच्या धंद्यात सांडपाण्याचे दोषही होते. तेव्हा प्रश्न जुन्या तंत्राकडे परतण्याचा मुळीच नाही. प्रश्न समीक्षेच्या साधनांचा आहे. डिजिटल चित्रातही दाटपणा, फिकेपणा, रंगांचे प्रमाण हे निर्णय कोणीतरी घेतोच; आता ते संगणकासमोर घेतले जातात. ज्या समीक्षेला ग्रेडर दिसला नाही तिला त्याचा आजचा वारसदारही दिसत नाही. ‘छायाचित्रण नेत्रसुखद’ या एका ठरीव वाक्यात दोन्ही युगांची बोळवण होते.

रसायनशाळा बंद होऊ लागल्या तेव्हा त्यांच्या कोठारांतील मूळ निगेटिव्हचे काय करावे हा प्रश्न अभिलेखागारांपुढे उभा राहिला. शब्दांसाठी असे कोठारही नाही. त्यांचे काय झाले हे कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवरून जाताना वाचता येते. ‘डेव्हलपर’ हा शब्द येथे जागोजागी फलकांवर आहे. पण तो बंगले आणि भूखंड विकणाऱ्याचा वाचक आहे. डांबरी रस्ता, कुंपण आणि झाडांची रांग लावली की जमीन ‘डेव्हलप’ होते. द्रावणाच्या अर्थाने हा शब्द वापरणारे लोक याच तालुक्यांत आहेत. त्यांतील अनेकांच्या दुकानांत आता पासपोर्टच्या आकाराचे फोटो संगणकावरून छापून मिळतात आणि झेरॉक्सही निघते.

‘रीळ’ या शब्दाचे भाग्य यापेक्षा निराळे. इंग्रजीतून तो मराठीत आला तेव्हा त्याने ‘ळ’ घेतला, नपुंसकलिंग घेतले आणि मराठी सामान्यरूपाचा नियमही पाळला: रीळ, रिळाचे, रिळांत, चार रिळे. ‘तिकीट, तिकिटाचे’ याच चालीने उपांत्य ईकार ऱ्हस्व झाला. दोऱ्याचे असो वा फिल्मचे, रीळ हातात धरावयाची, उलगडावयाची, गुंतावयाची वस्तू होती, आणि शिंपी व ऑपरेटर यांच्या तोंडी ती पूर्णपणे मराठी झाली. आता तोच इंग्रजी शब्द दुसऱ्यांदा आला आहे, मोबाइलवरील आखूड चलच्चित्राच्या अर्थाने. या वेळी ‘ल’ तसाच आहे, अनेकवचन ‘रील्स’ असे इंग्रजीच, आणि विभक्ती लावताना ‘रीलला’, ‘रीलमध्ये’, म्हणजे सामान्यरूप नाही. लिंगाविषयी अजून एकमत नाही. कोणी ‘रील टाकला’ म्हणतो, कोणी ‘रील टाकलं’, आणि एकाच घरात दोन्ही ऐकू येतात. क्रियापदातही चलबिचल आहे. ‘फोटो काढणे’ हा प्रयोग ‘चित्र काढणे’ या जुन्या वळणावर सहज बसला होता. रील मात्र काही जण ‘काढतात’, बहुतेक ‘बनवतात’, आणि ती धुवायला अर्थातच कोणी टाकीत नाही.